साल नाही

रात्री पावणेबारा. वडाळा, पोर्ट ट्रस्टची वसाहत.
नवरा गोदीत, नाइटला. पंख्याचं एक पातं जरा वाकडं.
आणि एकशे अठरा पानांच्या प्रबंधात
जिथे जिथे संदर्भ, तिथे तिथे
चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह.
बावीस वर्षं शिकवते आहे नाइट कॉलेजात,
एवढ्या शंका कुणी काढल्या नव्हत्या.

आधी डॉलर.
गणित सुरू होताना एक, संपताना एक.
मी संपतानाचा विसरले,
आणि चौतीसाव्या पानावरचा अख्खा परिच्छेद
तिरपा, शब्दाला शब्द चिकटलेला,
वातात बरळावं तसा.

मग ती समासाबाहेर आलेली ओळ.
सव्वातीन पॉइंटांनी, मशीन सांगतं.
सांगू दे.
आमची कॉटसुद्धा दाराबाहेर चार बोटं येते,
माणसं वळसा घालून जातात.

वाईट त्या चुका, ज्या ओरडत नाहीत.
लेम्मा तीन पॉइंट चार: क्ष हा अ या संचात नाही.
'घटक नाही'चं चिन्ह त्या फाँटात नव्हतंच.
गळून गेलं.
क्ष आणि अ यांच्यामध्ये एक पांढरी फट,
बस्स.
कुठे लाल नाही, कुठे थांबलं नाही,
फक्त लॉगच्या दोन हजार ओळींखाली
पुटपुटल्यासारखं: एक अक्षर सापडलं नाही.
माझं 'नाही' पंधरा दिवस बेपत्ता होतं
आणि मी त्या पानावरून रोज जात होते.
फाँट बदलला. आलं.
त्या नकाराने इतकं बरं वाटलं
की उठून चहा टाकला.

आता संदर्भ.
एकदा चालवायचं, मग संदर्भांचं वेगळं चालवायचं,
मग पुन्हा दोनदा.
पहिल्यांदा त्याला कळतं की काहीतरी विचारायचंय,
दुसऱ्यांदा विचारतं,
तिसऱ्यांदा उत्तर ऐकतं,
चौथ्यांदा ते जागच्या जागी लिहितं.
दिवसभर काम करून वर्गात आलेली मुलंही
अशीच शिकतात. मला सवय आहे.

प्रश्नचिन्हं गेली, आकडे आले.
एका हंगेरियन बाईच्या नावातल्या 'ओ'वर दोन तिरप्या रेघा,
त्या महिरपी कंसात घालून जपल्या.
तिला मी कधी भेटणार नाही.
पण पिंगळेचं पिंगले केलं की कसं वाटतं
ते मला ठाऊक आहे.

एक्केचाळीस मात्र अडला.
तडवी, रमजान.
दिवसा लालबागच्या टॉवरवर वॉचमन,
संध्याकाळी माझ्या शेवटच्या बाकावर.
माझं अनुमान त्याने खोडलं,
गाड्यांचे नंबर लिहायच्या वहीचं पान फाडून
मागच्या बाजूला, सात ओळींत.
मग टॉवरचं कंत्राट बदललं. फोन बंद.
पान माझ्याकडे आहे.
पुढच्या बाजूला एकोणीस गाड्या,
आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ,
तारखेच्या जागी नुसतं 'गुरुवार'.

शीर्षक? नाही.
प्रकाशक? नाही.
पानं? एकच, पाठपोट.
साल?

गाइड म्हणाले, ऋणनिर्देशात घाला, तिथे सगळं चालतं.
ऋणनिर्देशात सासूबाई आहेत, ग्रंथपाल आहेत,
सकाळी डबा भरून देणारी जाऊ आहे.
रमजानने मला डबा नव्हता दिला.
चूक दाखवली होती.

संकीर्ण, असा एक प्रकार असतो. खासगी संवाद.
पुन्हा चार वेळा चालवलं.
आता तो आहे,
त्या हंगेरियन बाईच्या खाली, एका जपान्याच्या वर.
शैलीने नावाचं एकच अक्षर ठेवलंय, आर. तडवी.
शैलीची फाइल उघडून बघावी का?
दीड वाजलाय.

चुका शून्य.
इशारा एक: एक्केचाळीसला साल नाही.

कालिन्याचा बाइंडिंगवाला नऊला उघडतो,
विचारेल, मरून की काळं.
इशारा तसाच ठेवून लॅपटॉप मिटला.
गुरुवार होता, म्हटलं.
अंधारात, कुणाला नाही, असंच.